फ्लोट ट्यूबसाठी वेडर, बूट आणि फिन्स: आतून बाहेर खरेदी करा

फ्लोट ट्यूब म्हणजे मासेमारी करताना बसायची, हवा भरलेली तरंगती बैठक. ती घेतली की बहुतेक जण आधी फिन्स, म्हणजे पायांनी ट्यूब हाकायची रबरी पाती, मागवतात, कारण त्या ट्यूबसोबत सवलतीत मिळतात. मग माळ्यावरचे जुने वेडर, म्हणजे पावलांसकट अंग कोरडे ठेवणाऱ्या जलरोधक विजारी, खाली येतात आणि शेवटी त्या दोहोंच्या मध्ये कसेबसे मावतील असे बूट शोधणे सुरू होते. सगळे इथेच फसते. फिन बुटावर चढते, बूट वेडरच्या निओप्रीन (फेसाळ रबर) मोज्यावर आणि तो मोजा तुमच्या लोकरी मोज्यावर. प्रत्येक थराचे माप आतल्या थरावर ठरते, तेव्हा खरेदीही त्याच क्रमाने व्हायला हवी: अंगालगतचे कपडे, वेडर, बूट आणि सर्वांत शेवटी फिन्स.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे उभ्याने माप बघणे. नदीत उभे राहून गळ टाकणाऱ्याला ते चालते. ट्यूबमध्ये माणूस चार-पाच तास बसलेला असतो आणि गुडघे सतत हलत असतात. उभ्याने झकास बसलेले वेडर बसल्यावर जांघेत काचते, खांद्यांना ओढते आणि सहा महिन्यांत शिवणीतून गळू लागते.

पुढची पद्धत तळ्यातल्या ट्राउटसाठी, म्हणजे गार पाण्यातल्या माशासाठी आहे. वॉशिंग्टन राज्यातले चोपाका किंवा लेनोर, आयडाहोतले हेन्रीज लेक, माँटानातले हेबगेन, कॅनडात कॅमलूप्सभोवतालची तळी अशी, जिथे पाणी ऐन उन्हाळ्यातही पायाला गार लागते ती ठिकाणे. महाराष्ट्रातल्या धरणांचे पाणी बरेच कोमट असते. तिथे थंडीसाठी वेडरची गरज नाही, पण बूट आणि फिन्सचे टप्पे तिथेही जसेच्या तसे लागू पडतात.

## १. दुकानात जाण्याआधी तीन नोंदी

पायाच्या खोलीवरचे तापमान. पृष्ठभागाचे तापमान फसवे असते. वसंतात वारा पडलेला असेल तर वरचे अर्धा फूट पाणी उन्हाने तापते, पण तुमची पावले त्याच्या दोन-तीन फूट खाली लटकत असतात. थर्मामीटरला दोरी बांधा, तीन फुटांवर सोडा, दोन मिनिटे थांबा आणि मग वाचा.

ट्यूब तुम्हाला किती खोल बसवते. जुन्या गोल ट्यूबमध्ये पाणी पोटापर्यंत येते. इंग्रजी यू किंवा व्ही अक्षराच्या आकाराच्या, फुगवलेली बैठक असलेल्या ट्यूबमध्ये माणूस उंच बसतो आणि फक्त मांड्यांचा खालचा भाग व पाय पाण्यात राहतात. उंच बैठकीच्या ट्यूबमध्ये थोडे पातळ कपडे निभावून जातात, गोल ट्यूबमध्ये नाही.

गाडीपासून पाण्यापर्यंतची वाट. पन्नास पावलांचा गवताळ काठ आणि दोन किलोमीटरची खडकाळ पायवाट यांना वेगवेगळे बूट लागतात. तळ चिखलाचा आहे की गोट्यांचा, हेही लिहून ठेवा.

कपड्यांचा ढोबळ अंदाज असा:

- ७ अंश सेल्सियसच्या खाली, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या आत: ५ मिमी निओप्रीन किंवा ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ जलरोधक कापडाच्या) वेडरच्या आत दोन जाड थर. बर्फ नुकताच वितळलेल्या तळ्यात हीच परिस्थिती असते.
- ७ ते १३ अंश, ४५ ते ५५ फॅरनहाइट: ३.५ मिमी निओप्रीन, किंवा ब्रीदेबल वेडर, एक पातळ थर आणि एक जाड फ्लीस.
- १३ ते १८ अंश, ५५ ते ६५ फॅरनहाइट: ब्रीदेबल आणि मध्यम जाडीचा एक थर.
- त्यापुढे: ब्रीदेबल आणि फक्त पातळ थर. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउटलाच श्वास घेणे जड जाते. अशा पाण्यात पकडून सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही, तेव्हा त्या दिवशी दुसरा मासा शोधा.

सावधान: वेडर म्हणजे जीवरक्षक साधन नव्हे. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलात तर पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जाते, हात साधारण दहा मिनिटे कामाचे राहतात आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. कॅनडात हे गणित १-१०-१ म्हणून शिकवतात. लाइफ जॅकेट ट्यूबच्या खिशात नको, अंगात घालून बक्कल लावलेले हवे.

## २. अंगालगतचे कपडे आणि मोजे

हे आधी ठरवायचे, कारण पुढची सगळी मापे हे कपडे घालूनच घ्यायची आहेत.

सुती काहीही नको. जीन्स तर मुळीच नको. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि पाणी उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने ओढून नेते. अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीची पातळ विजार आणि तिच्यावर फ्लीसची विजार, एवढे पुरते. फ्लीसच्या घोट्यापाशी जाड इलास्टिक असेल तर ते निओप्रीन मोज्याच्या आत वळकटी करते आणि दोन तासांत घोट्यावर वळ उठतो. टाचेखालून पट्टी जाणारी विजार उत्तम. ती नसेल तर विजारीची कड लांब मोज्यात खोचा.

मोज्यांत एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: जास्त मोजे म्हणजे जास्त ऊब. ऊब मोज्यात अडकलेल्या हवेमुळे मिळते. तीन जोड कोंबले की ती हवा दाबून निघून जाते, रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे आधीपेक्षा लवकर बधिर होतात. एक पातळ अस्तराचा मोजा आणि त्यावर एक जाड लोकरी मोजा, बस्स.

रासायनिक गरम पुड्या पायात ठेवून उपयोग होत नाही. त्यांना तापायला हवा लागते आणि बंद निओप्रीन मोज्यात ती मिळत नाही. विझलेली पुडी बोटांखाली खड्यासारखी टोचत राहते, एवढेच. पुड्या छातीच्या खिशात, हातांसाठी ठेवा.

तपासणी: दोन्ही मोजे घालून बोटे आत मोकळेपणी वर-खाली हलली पाहिजेत. नाही हलली तर जाड मोज्याचे माप एकाने वाढवा.

## ३. वेडर: कापड, पाऊल आणि शिवण

### पाऊल कोणत्या प्रकारचे

वेडर दोन प्रकारांत येतात. बूटफूटला गमबूट कायमचा जोडलेला असतो, स्टॉकिंगफूटला खाली निओप्रीनचा मोजा असतो आणि बूट वेगळा घालावा लागतो. फ्लोट ट्यूबसाठी स्टॉकिंगफूटच. गमबूट रुंद आणि घोट्याला सैल असतो. बहुतेक फिन्समध्ये तो शिरत नाही आणि शिरलाच तर प्रत्येक लाथेला टाच आत वरखाली होते. शिवाय त्यात हवा राहते, त्यामुळे पाय वर तरंगतात.

### उंची

छातीपर्यंतचेच घ्या. कंबरेपर्यंतचे वेडर उंच बैठकीच्या ट्यूबमध्ये चालतील असे विक्रेता सांगेल. शांत पाण्यात ते खरेही आहे. पण हेबगेनसारख्या उघड्या तळ्यावर दुपारी वारा उठला की लाटा ट्यूबच्या मांडीवर ताणलेल्या कापडावरून, म्हणजे एप्रनवरून, थेट कंबरेत येतात. पाण्यात शिरताना आणि बाहेर येताना जो तोल जातो, तो वेगळाच.

### निओप्रीन की ब्रीदेबल

निओप्रीन उबदार असते, काट्याकुट्याला दाद देत नाही, थोडे तरंगतेही आणि स्वस्त पडते. पण ५ मिमीचे निओप्रीन गुडघ्याशी प्रत्येक लाथेला विरोध करते. दिवसभरात हजारो लाथा माराव्या लागतात, आणि संध्याकाळी मांडीचा पुढचा स्नायू भरून येतो तो यामुळे. वाटेत चालावे लागले तर आत घाम साचतो आणि तोच घाम पाण्यात गेल्यावर गारठवतो.

ब्रीदेबलमध्ये पाय मोकळा हलतो आणि आतले थर हवामानाप्रमाणे बदलता येतात. बर्फाळ पाण्यातच जाणारे सोडले तर बाकी सर्वांनी ब्रीदेबल घ्यावे. ‘पाण्याखाली ते श्वास घेत नाही, मग पैसे का घालवा’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. आतल्या उबेची वाफ पाण्यातही थोडीफार बाहेर जाते, पण गार कापडाला लागून काही वाफेचे थेंब होतातच. ते थेंब गळती नव्हेत. दोन्हींतला फरक नवव्या टप्प्यात आहे.

### शिवण आणि जास्तीचा थर

नदीसाठी बनलेल्या वेडरला नडगी आणि गुडघ्यावर दुहेरी कापड असते. ट्यूबमध्ये घासणारी जागा वेगळी आहे: बूड आणि मांडीची मागची बाजू. बैठकीच्या कडेवर ती सतत घासते. म्हणून बुडावरही जाड थर असलेले वेडर शोधा.

मग वेडर उलटे करून जांघेची शिवण बघा. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी वर जाऊन एकाच बिंदूत चौफुली करत असतील, तर सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि पहिली गळती तिथेच होते. जांघेत वेगळा चौकोनी तुकडा बसवलेला असेल, किंवा शिवण पायाच्या पुढे-मागे वळवलेली असेल, तर वेडर जास्त टिकते. कापडाला किती पदर आहेत याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते, ही शिवण मात्र स्वतःच बघावी लागते.

### चेन आणि पट्टे

गार पाण्यात बसले की लघवी जास्त होते, हा शरीराचा नियमच आहे. प्रत्येक वेळी काठावर येऊन सगळे उतरवायचे नसेल तर पुढची जलरोधक चेन पैसे वसूल करून देते. तिच्या टोकाला कंपनीने दिलेले वंगण लावत राहा, कोरडी चेन ओढली तर दाते सुटतात. स्त्रियांनी पटकन सुटणाऱ्या बकलांचे खांद्याचे पट्टे बघावेत आणि शक्यतो स्त्रियांसाठी कापलेले वेडर घ्यावेत. पुरुषांच्या मापात नितंब बसवायला गेले की पायांत भलतेच सैल कापड उरते, आणि पाण्यात ते ओढत न्यावे लागते.

## ४. बसून माप

हा टप्पा घाईत उरकू नका. दुसऱ्या टप्प्यातले कपडे घालूनच मापफीत लावा. छातीचा घेर, पोट किंवा नितंब यांतला जास्तीत जास्त घेर, जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची आतली लांबी आणि बुटाचे माप, ही चारही मापे कंपनीच्या तक्त्यात एकाच ओळीत बसली पाहिजेत. तीन बसली आणि पायाची लांबी नाही, असे झाले तर लांब किंवा आखूड कापातले वेडर मागवा. एक माप मोठे घेऊन भागवू नका.

वेडर घरी आले की लेबल न काढता, स्वच्छ सतरंजीवर हा क्रम करा:

१. कमी उंचीच्या खुर्चीवर बसा, पाठ टेकवा, दोन्ही पाय समोर सरळ करा. खांद्याचे पट्टे ओढले गेले तर वेडर धडात आखूड आहे. पट्टे सैल करून पाहा. तरीही ओढ राहिली तर परत करा.

२. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवा, मग उलट. ट्यूबमध्ये बसून फिनचा पट्टा आवळायची हीच अवस्था आहे. घोटा गुडघ्यापर्यंत येत नसेल, तर तळ्याच्या मध्यावर सुटलेला पट्टा तुम्हाला लावता येणार नाही.

३. बसल्या बसल्या दोन मिनिटे आळीपाळीने पाय झाडा. गुडघ्यामागे कापडाची घडी बोचते का? निओप्रीनमध्ये ही घडी कातडी सोलते.

४. उकिडवे बसा. जांघेची शिवण ताणून पांढरट दिसली तर माप लहान.

५. उभे राहून जांघेतले कापड चिमटीत धरा. ते चार बोटांपेक्षा जास्त खाली लोंबत असेल तर माप मोठे. लोंबणारी जांघ दोन मांड्यांना बांधून ठेवते आणि लाथ अर्धीच बसते.

६. आता निओप्रीन मोजा. टाच टाचेवर बसली पाहिजे. बोटांपुढे सेंटिमीटरभराहून जास्त कापड उरले तर बुटात त्याची घडी होते, आणि मोजा गळतो तो नेमका त्या घडीवर. उलट बोटे टेकत असतील तर ती गारठतात.

सावधान: ‘पाण्यात सैल होईल’ म्हणून घट्ट आणि ‘आत आणखी कपडे घालू’ म्हणून दोन मापे मोठे, हे दोन्ही सल्ले सोडून द्या. पाण्याचा दाब सैल कापड पायाला चिकटवतो, पण जास्तीचे कापड कुठे नाहीसे होत नाही.

## ५. बूट

निओप्रीन मोज्यावर थेट फिन चढवणारे बरेच दिसतात. सोपे वाटते, वजन कमी होते, आणि मोसम संपायच्या आत मोजा फाटतो. फिनचा पट्टा टाचेवर घासतो, आत शिरलेली वाळू सँडपेपरसारखी काम करते आणि काठावर चालताना तळवा टोचला जातो. पूर्व वॉशिंग्टन, आयडाहो, नेवाडा या कोरड्या भागांत तळ्यांच्या काठाला आपल्याकडचाच सराटा माजलेला असतो. त्याचा काटा निओप्रीन मोजाच काय, सायकलची ट्यूबही फोडतो. बूट हवाच.

पर्याय तीन आहेत.

कडक तळव्याचा डायव्हिंग बूट. ५ मिमी निओप्रीन, बाजूला चेन, रबरी तळवा. फिनच्या खिशात, म्हणजे पाऊल घालायच्या पोकळीत, अलगद शिरतो, नाडी नसल्याने दोर अडकत नाही आणि थोडी जादा ऊबही देतो. गाडी पाण्याजवळ जात असेल तर पहिली पसंती याला. मात्र तळवा खरोखर कडक आहे ना हे दोन हातांनी वाकवून बघा. मोज्यासारखा गुंडाळला जाणारा बूट नको.

हलका वेडिंग बूट, रबरी तळव्याचा. वाट लांब किंवा खडकाळ असेल तर हा. पुढचा भाग शक्य तितका निमुळता आणि पायाच्या वरच्या बाजूला धातूचे हुक नसलेला बघा. फ्लोट ट्यूबमध्ये आपण पाठीमागे जातो, म्हणजे गुडघा सरळ करताना पायाच्या वरच्या बाजूने पाणी ढकलतो. सगळा दाब नाड्यांच्या जागी येतो. तिथे हुक असतील तर दोन तासांत ते पायात रुतल्यासारखे होतात, शिवाय फिनचा खिसा आतून कापतात.

जड वेडिंग बूट. घोट्याला आधार चांगला, पण बहुतेक फिन्समध्ये मावत नाहीत आणि दिवसभर ते वजन झाडत राहावे लागते. घरात आहेत म्हणून वापरायचे असतील तर रुंद खिशाच्या, मुद्दाम बुटावर चढवण्यासाठी बनवलेल्या फिन्सच घ्याव्या लागतील.

तळव्याबद्दल: फेल्ट, म्हणजे दाबून केलेले नमद्यासारखे जाड कापड, नको. शेवाळलेल्या गोट्यांवर ते पकड देते, पण ट्यूबमध्ये आपण तळावर उभे राहतोच किती? चिखलात फेल्टचा लाडू होतो. शिवाय ते ओले राहते आणि एका तळ्यातले जीव दुसऱ्या तळ्यात नेते, म्हणून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, अलास्का आणि मेरीलँड राज्यांत आणि न्यूझीलंडमध्ये फेल्टच्या तळव्यांवर बंदी आहे. धातूचे खिळे लावलेले तळवेही नकोत. ट्यूबमध्ये चढताना एक पाय घसरला की त्या खिळ्याखाली हवेची पिशवीच येते.

मापाचा गोंधळ दोन ठिकाणी होतो. भारतातले बुटाचे आकडे साधारण ब्रिटिश पद्धतीचे असतात, पुरुषांचा अमेरिकी आकडा त्याहून एकाने मोठा असतो. म्हणजे पुण्यात ८ नंबर घालणाऱ्याचा अमेरिकी आकडा ९. दुसरे असे की वेडिंग बूट बनवणाऱ्या अनेक कंपन्या निओप्रीन मोज्याची जागा आधीच धरतात, तिथे नेहमीचा आकडा मागवावा. डायव्हिंग बूट उघड्या पायासाठी मापलेला असतो, त्यामुळे तो एक ते दोन आकडे मोठा घ्यावा लागतो. कोणती कंपनी काय धरते ते तिच्या तक्त्यातच बघा.

तपासणी: सगळे मोजे आणि वेडर घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बूट घाला. जिना उतरा. बोटे पुढे आदळली तर लहान, टाच उचलली तर मोठा. बोटे हलवता आली पाहिजेत.

## ६. फिन्स

आता, आणि आताच, फिन्स. दुकानात जाताना बूट सोबत न्या. ऑनलाइन घेत असाल तर बुटाची सर्वांत रुंद जागा आणि पायावरची सर्वांत उंच जागा मोजून ठेवा.

पोहण्याच्या बंद टाचेच्या फिन्स बाद. लांब, ताठ डायव्हिंग फिन्सही नकोत. पोहताना नितंबापासून पाय मारतात, इथे बसून गुडघ्यापासून. लांब पाते गुडघ्याच्या सांध्यावर पिळा घालते आणि उथळ पाण्यात चालताना पायात अडकते. आखूड, रुंद पाते, उघडी टाच आणि मागे पट्टा, असा प्रकार घ्या. गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर मऊ पात्याकडे झुका. वेग थोडा कमी मिळेल, पण दुसऱ्या दिवशी जिना चढता येईल.

खिसा असा तपासा: बूट ओला करून फिनमध्ये घाला. पाऊल कमानीपर्यंत आत गेले पाहिजे. फक्त बोटेच आत आणि बाकी बाहेर अशी फिन पहिल्या जोराच्या लाथेला सुटते. आत गेल्यावर दोन्ही कडांनी दाब जाणवत असेल तर तासाभरात पाय बधिर होतील. पट्टा टाचेच्या फुगीर भागाच्या थोडा वर, सरळ रेषेत बसावा. वर सरकून घोट्याच्या शिरेवर जात असेल तर बूट आणि फिनची जोडी जमत नाही, पट्टा कितीही आवळा.

पाण्यात टाकून तरंगते का हे विचारा. तरंगणारी फिन सुटली तर सापडते. तरंगो वा न तरंगो, घोट्याला बांधायची दोरी हवीच. एकाच फिनवर माणूस गोल गोल फिरतो, आणि वारा काठापासून दूर नेत असेल तर तो गंमतीचा मामला राहत नाही. बकलाचे लोंबते टोक बाहेरच्या बाजूला राहू देऊ नका, गळाचा दोर आधी तिथेच अडकतो. चिकटपट्टीने ते खाली दाबा.

एक जादा पट्टा ट्यूबच्या खिशात ठेवा.

## ७. घरची तालीम, मग उथळ पाणी

सगळे घालून घरी खुर्चीवर वीस मिनिटे बसा. टीव्ही बघा हवे तर. जिथे बोच लागते ती जागा तळ्यावर चौपट बोचणार आहे. याच वेळी फिन्स हातमोजे घालून चढवायचा आणि काढायचा सराव करा.

मग पहिली फेरी काठाला लागून, कंबरभर पाण्यात, अर्ध्या तासाची. गळ नेऊ नका. मासा दिसला की तपासणी राहून जाते. बाहेर आल्यावर वेडर काढा आणि कपडे कुठे ओले आहेत ते हाताने चाचपा.

## ८. काठावरचा क्रम

१. आतले कपडे, मोजे, मग वेडर. उभे राहण्याआधी निओप्रीन मोज्याची टाच जागेवर आणा.

२. बूट, आणि त्यावर वेडरची खडी-रोधक पट्टी, म्हणजे घोट्यापाशी बुटाचे तोंड झाकणारे कापड. ती हुकने अडकवा. ती वर गोळा झाली की वाळू बुटात जाते आणि मोजा आतून झिजतो.

३. वेडरची छातीची कड बोटाने उघडी धरून उकिडवे बसा. आतली हवा भस्सकन बाहेर जाईल. तसेच वाकलेले असताना कंबरपट्टा आवळा. हवा राहिली तर पाय वर येतात आणि फिन पाणी धरत नाही.

४. लाइफ जॅकेट.

५. ट्यूब पाण्याच्या कडेला आणा आणि तिच्या शेजारी बसून फिन्स चढवा. आधी घोट्याची दोरी, मग फिन. गाडीपाशी फिन्स घालून चालत येणे म्हणजे पडायला निमंत्रण.

६. ट्यूब धरून उलटे चाला, पाऊल न उचलता घासत. गुडघ्यापर्यंत पाणी आले की बसा आणि पुढची आडवी काठी किंवा एप्रन लावा.

कॅमलूप्सकडच्या तळ्यांत काठाला पांढरा, चुनखडीचा मऊ गाळ असतो. पाऊल त्यात रुतले की फिन तिथेच राहते. अशा ठिकाणी लव्हाळ्याची बेटे टाळून खडीचा किंवा लाकडी धक्क्याचा उतार शोधा, चार पावले जास्त चालावे लागले तरी.

बाहेर येतानाही उलटेच. टाचा तळाला लागल्यावर लगेच उठू नका. गारठलेले गुडघे पहिल्या झटक्यात साथ देत नाहीत. अर्धा मिनिट घोटे फिरवा, मग ट्यूबच्या दोन्ही बाजूंवर हात टेकून उठा.

सावधान: वेडरमध्ये पाणी शिरले की माणूस तळाला ओढला जातो हे खरे नाही. आतले पाणी बाहेरच्याइतकेच जड असते. खरी अडचण पोहण्यात आणि बाहेर निघण्यात येते. पडलात तर ट्यूब सोडू नका. तिला धरून, पाठीवर राहून, फिन्सने काठाकडे या. कंबरपट्टा आवळलेला असेल तर पाणी शिरायला वेळ लागतो.

## ९. घाम की गळती

घामाचा ओलावा पसरट असतो: दोन्ही पिंढऱ्या, गुडघे, बूड सारखेच दमट. गळती एका बाजूला, एका जागी आणि गार असते. ट्यूबवाल्यांनी आधी तीन जागा बघाव्यात: जांघेची शिवण, निओप्रीन मोजा जिथे वेडरला जोडलेला असतो तो सांधा, आणि मोज्याची टाच.

पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) पडद्याच्या ब्रीदेबल वेडरमध्ये भोक शोधणे सोपे आहे. पूर्ण वाळवा, उलटे करा, आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. जिथे भोक आहे तिथे काळपट ठिपका उमटतो. पेन्सिलने खूण करा. निओप्रीनला ही युक्ती लागू पडत नाही. त्याची वरची कड गुंडाळत पायात हवा कोंडा, बाहेरून साबणाचे पाणी लावा आणि बुडबुडे बघा.

दुरुस्तीला अ‍ॅक्वासीलसारखा युरेथेन गोंद. जागा अल्कोहोलने पुसून वाळू द्या, भोकाभोवती सेंटिमीटरभर पातळ थर बोटाने चोळा, रात्रभर सपाट ठेवा. जाड गोळा लावू नका. तो वाकत नाही आणि कडेने उकलतो. तळ्याकाठी तात्पुरते भागवायचे असेल तरी कापड कोरडे हवेच, ओल्यावर काहीही चिकटत नाही.

## १०. धुणे, वाळवणे, ठेवणे

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या अनेक पाण्यांत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय पसरली आहे. ती जेमतेम काही मिलिमीटरची असते, ओलाव्यात बरेच दिवस तग धरते आणि एकटी मादी नराशिवाय पिल्ले घालते. म्हणजे बुटाच्या नाडीत अडकलेली एक पुरते. काठावरच चिखल खरवडून ब्रशने घासा: नाड्या, तळव्याच्या खाचा, खडी-रोधक पट्टीची घडी, फिनचा खिसा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या तळ्यावर जायचे असेल तर बूट आणि फिन्स रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ब्लीच वापरू नका, निओप्रीन आणि शिवणीवरची पट्टी दोन्ही खराब होतात.

वेडर आधी उलटे वाळवा, मग सुलटे. मोजे शेवटी वाळतात, त्यात वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि ओले झाले की बदला. ब्रीदेबल वेडर लेबल बघून सौम्य साबणाने धुवा, कापड मऊ करणारे द्रव्य नको. हीटरजवळ किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली वाळवले तर शिवणीवरची पट्टी सुटते. निओप्रीन घडी घालून ठेवले की त्याच घडीवर तडा जातो, त्यामुळे ते टांगूनच ठेवा.

फिन्स पात्याच्या टोकावर उभ्या करून ठेवू नका, पाते वाकडे बसते आणि मग पाण्यात एक पाय बाहेर खेचला जातो. आडव्या ठेवा. मोसमाच्या सुरुवातीला पट्ट्याचे रबर बोटाने ताणून बघा. बारीक चिरा दिसल्या तर तो पट्टा फेका आणि ट्यूबच्या खिशातला जादा पट्टा लावायच्या ऐवजी नवीन जोडी मागवा. खिशातला तिथेच राहू द्या.